ओळखीचे, पण नात्यातले नसलेले दोघे

इंग्रजीचे शब्द मी शाळेत खंडीभर पाठ केले. परीक्षेच्या सकाळी ते तोंडावर असायचे आणि पेपर देऊन एसटीत बसेपर्यंत उडून गेलेले असायचे. एकच शब्द असा आहे की जो मी कधी पाठ केला नाही, आणि मरेपर्यंत विसरणार नाही. तो शिकायला मला आठ दिवस लागले. त्यासाठी भोर आणि वेल्हे असे दोन तालुके पालथे घातले, एका मावशीला रडवलं आणि एका आत्याच्या शिव्या खाल्ल्या. तो शब्द ॲक्वेंटन्स.

त्याचं झालं असं. भोरच्या कॉलेजातून बीएस्सी झाले आणि सतरा ठिकाणी अर्ज केले. सोळांनी उत्तरही दिलं नाही. सतराव्यांनी पुण्याला बोलावलं. दूध, धान्य, मसाले तपासून भेसळ पकडणारी लॅब होती. मुलाखतीत विचारलं, दुधात पाणी घातलंय हे कसं ओळखाल. मी म्हटलं, सर, उपकरणानं सांगू की नुसतं बघून? आमच्या घरी चार म्हशी आहेत. ते हसले. मला वाटलं, गेली नोकरी. पण चार दिवसांनी मेल आला की तुम्हाला घेतलंय, सोबतचा फॉर्म भरून पुढच्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत स्वतः आणून द्या, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाईल.

आमच्या भोंगवलीच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारं माणूस तोवर झालं नव्हतं. आईनं मला सरळ सांगून ठेवलं होतं की नोकरी लागली तर लागली, नाहीतर उन्हाळ्यात स्थळं बघायची. त्यामुळं तो फॉर्म म्हणजे माझ्यासाठी नुसता फॉर्म नव्हता. किकवीला जाऊन झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढली. पाच पानं. तीन पानं मी एका बैठकीत भरली. चौथ्या पानावर अडकले.

तिथं लिहिलं होतं की उमेदवाराच्या दोन ॲक्वेंटन्सची माहिती द्या. ते रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यातले नसावेत. गेली पाच वर्षं उमेदवाराला ओळखणारे असावेत. उमेदवाराचं शिक्षण, सवयी, वागणूक याबद्दल त्यांनी स्वतःच्या हातानं लिहावं, भाषा कुठलीही चालेल. त्यासाठी प्रत्येकाला दहा-बारा रेघा आखल्या होत्या. आणि खाली, मी या उमेदवाराचा नातेवाईक नाही, असं वाक्य छापून त्याखाली सहीची जागा.

मोबाईलमध्ये अर्थ बघितला. परिचित. ओळखीचा माणूस, मित्र नव्हे. मी म्हटलं, हात्तिच्या, ओळखीच्या माणसांना काय तोटा? वडील गोठ्यातून आले, त्यांना सांगितलं. त्यांनी लगेच तीन मामांची नावं सांगितली. मी म्हटलं, दादा, मामा चालत नाही. ओळखीचा पाहिजे, पण नात्यातला नको. वडिलांनी हातपाय धुतले, टॉवेलनं पुसले आणि शांतपणे विचारलं, "नात्यातला न्हाई, तर वळखीचा कसा?"

मला हसू आलं. पण पुढच्या आठ दिवसांत कळलं की प्रश्न चुकीचा नव्हता. आमच्याकडं भोरच्या स्टँडवर दोन अनोळखी माणसं शेजारी बसली तर कापूरहोळ यायच्या आत नातं निघतं. गाव कुठलं, आडनाव काय, मग अमक्यांच्यात दिलेली ती तुमची कोण. तीन प्रश्नांत काम होतं. चौथ्या प्रश्नाला, मग आमच्या लग्नाला का नाही आलात, असं भांडण सुरू होतं. त्यामुळं आमच्याकडं माणसं दोनच प्रकारची. एक आपली, आणि एक अजून विचारलेलं नाही अशी. इंग्रजांनी मधली एक जात काढली आहे. माणूस माहीत आहे, रोज भेटतो, पण आपला कोणी नाही. अशा माणसाला त्यांच्याकडं वेगळं नाव आहे, आणि मला ती दोन माणसं शुक्रवारपर्यंत हवी होती.

पहिल्या दिवशी मी हायस्कूलच्या विज्ञानाच्या सरांकडं गेले. निवृत्त झालेले, कडक, खोटं न चालणारे. त्यांनी मला आठवी ते दहावी शिकवलं होतं आणि नंतरही पुस्तकं दिली होती. सरांनी फॉर्म वाचला, चष्मा पुसला, चांगलं पेन आणायला आत गेले. मला वाटलं, एक तर झाला. तेवढ्यात सरांच्या घरच्या बाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, अगं, नातेवाईक नाही कसं, मागच्या उन्हाळ्यात आमची पुतणी तुझ्या मामेभावाला नाही का दिली? मी त्या लग्नात नाचले होते. तीन तास. सरांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, लग्नाचं नातं असं स्पष्ट लिहिलंय, मी खोटी सही करणार नाही. वर मला शिरा खायला घातला, सोयऱ्यांकडं कोरडं कसं पाठवायचं म्हणून.

शेजारी विचारायचा प्रश्नच नव्हता. आमच्या उजवीकडं भावकी, डावीकडं भावकी, समोर भावकी, आणि मागं मारुतीचं देऊळ. गावात आडनावं दोनच, आणि ती दोन एकमेकांत गुंतलेली. मी लॅबमध्ये फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, मॅडम, कोणीही चालेल, असं घाबरताय काय, तुमच्या ओळखीत एकही माणूस नाही का? मी म्हटलं, बाई, ओळखीत दोन हजार आहेत, तीच तर अडचण आहे. ती म्हणाली, म्हणजे? मी फोन ठेवला.

मग मला मेंढक्यांची मावशी आठवली. सुगी झाली की तिचं कुटुंब आमच्या रानात मेंढ्या बसवायला येतं. खत आम्हाला, ज्वारी त्यांना. मी लहान असल्यापासून येतात. त्यांचं गाव वेगळं, आडनाव वेगळं, रक्ताचं नाही, लग्नाचं नाही. तिच्या नवऱ्याला लिहिता-वाचता येतं. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. रानात गेले, नीट समजावून सांगितलं की तुम्ही आमचे नातेवाईक नाही एवढं लिहून द्यायचं आहे. मावशीनं हातातली काठी खाली ठेवली. तिला माझ्या आईनं पंधरा वर्षं दर सुगीला बहीण मानून चोळी दिलेली, हे मी विसरले होते. ती म्हणाली, माझं काय चुकलं ते तरी सांग. आणि डोळ्यांना पदर लावला. नवरा तिची समजूत घालायला लागला, कुत्री माझ्यावर भुंकायला लागली. घरी येईपर्यंत बातमी माझ्या पुढं पोचली होती. आईनं मला असं काही झोडपलं की विचारू नका. मग तिनं ज्वारी बांधली, चोळीचा खण काढला आणि स्वतः रानात जाऊन बहिणीची समजूत घातली. मला सोबत नेलं नाही.

आता आमच्याकडचा एक स्वभाव सांगते. एखादी पोरगी हातात कागद घेऊन घरोघर फिरते आणि 'आमचं नातं नाही' यावर सह्या मागते, तर त्याचा अर्थ गाव काय लावील? तुम्ही काहीही म्हणाल. आमच्या गावानं एका दुपारात लावला. हक्कसोड. हायवेमुळं जमिनीचे भाव वाढल्यापासून आमच्याकडं बहिणी कुठल्याही कागदाकडं संशयानं बघतात. कारण भाऊ एक दिवस गोड बोलून तालुक्याला नेतो, भेळ खाऊ घालतो आणि वाटणीवरचा हक्क सोडल्याची सही घेतो. तेव्हा भोंगवलीत असं पसरलं की अमक्यानं लेकीच्या हातून हक्कसोड फिरवायला घेतलीय, आणि पोरीला इंग्रजी येतं म्हणून कागद इंग्रजीत केलाय, म्हणजे बहिणीला वाचता येऊ नये.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं भाटघरहून आत्या आली. एकुलती एक आत्या, वडिलांपेक्षा धाकटी, पण आवाजानं थोरली. पाणी घेतलं नाही. उंबऱ्याच्या बाहेरच बसली आणि वडिलांना म्हणाली, "दादा, मागायचं तर तोंडानं माग. पोरीला कागूद घिऊन कशाला फिरिवतोस?" वडिलांना काही कळेना. ते म्हणाले, तुझ्याकडं काय मागू? ती म्हणाली, आता तेबी म्याच सांगू व्हय. मग तिनं आजीपासून सुरुवात केली आणि आमच्या सात पिढ्या धुऊन काढल्या. मी फॉर्म तिच्यापुढं धरून एकेक ओळ मराठीत सांगितली. तिचा विश्वास बसेना. शेवटी तिनं तो शेजारच्या दहावीतल्या मुलीकडून पुन्हा वाचून घेतला. तिनंही तेच सांगितलं, तेव्हा आत्या आत आली, पाणी प्याली, आणि लगेच नव्यानं रुसली. नोकरीचा कागद होता तर मला का नाही विचारलं? मी म्हटलं, आत्या, तू नात्यातली आहेस म्हणून. हे ऐकून तिचा चेहरा एवढा खुलला की मला वाटलं, फॉर्मचा एवढा तरी उपयोग झाला.

पण दिवस चालले होते. सोमवारी मी कपाळाला हात लावून भोरच्या एसटीत बसले होते आणि कंडक्टर काका तिकिटं फाडत माझ्यापाशी आले. अकरावीपासून पाच वर्षं मी त्यांच्या गाडीनं कॉलेजला गेले. रोज सकाळी पास दाखवायचा, त्यांनी मान हलवायची. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. हा माणूस मला पाच वर्षं ओळखतो, मी याला ओळखते, आणि आम्ही एकमेकांना ते तीन प्रश्न कधीच विचारले नाहीत, कारण सकाळी त्या गाडीत श्वास घ्यायला जागा नसते. मी त्यांना फॉर्म दिला आणि म्हटलं, काका, सही पाहिजे, पण एक अट आहे. माझं आडनाव, माझं घर आणि माझ्या आईचं माहेर, यातलं काहीही विचारायचं नाही.

काकांनी माझ्याकडं बघितलं. चांगला माणूस. गर्दी ओसरल्यावर सीटवर बसले, फॉर्म वाचला, आणि हलत्या गाडीत जे लिहिलं ते मला तोंडपाठ आहे. सदर विद्यार्थिनी सकाळच्या गाडीस पाच वर्षे नियमित. पास कधी विसरली नाही. खिडकीच्या जागेवरून दोनदा भांडली, पैकी एकदा तिचे बरोबर होते. बारावीच्या परीक्षेत अंगात ताप असताना आली, पुस्तक सोडले नाही. म्हाताऱ्या माणसांना उठून जागा देते, तरुणांना देत नाही. आणि खाली झोकात सही केली. मी म्हटलं, काका, तो ताप तुमच्या लक्षात आहे? ते म्हणाले, असणारच की, उतरताना पडली असतीस. फॉर्म परत देता देता त्यांना राहवलं नाही. म्हणाले, तुमच्या गावात आमच्या साडूची एक... मी टणकन उठले, दोरी ओढली आणि माझा थांबा यायच्या आधीच खाली उतरले. दोन किलोमीटर उन्हात चालले. पण एक ॲक्वेंटन्स हातात होता, शाबूत.

राहिला दुसरा. मंगळवार गेला, बुधवार गेला. आत्या अजून आमच्याकडंच होती, रुसवा गेल्यावर माहेरपण सुरू झालं होतं. बुधवारी संध्याकाळी ती शेंगा फोडता फोडता म्हणाली, काखेत कळसा अन् गावाला वळसा. तात्या हाय की. त्यानं तर चारशे माणसांदेखत सांगितलंय, नातं न्हाई म्हणून. वडील उठून गोठ्यात गेले.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. वडिलांचे सख्खे भाऊ. ते वेल्ह्याला राहतात, काकीला भाऊ नाही म्हणून सासुरवाडीची भातखाचरं बघतात. पूर्वी प्रत्येक सणाला यायचे आणि मला खांद्यावर घेऊन गावभर फिरायचे. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात घोटाळा झाला. पत्रिकेत निमंत्रकांची नावं छापली. त्यात चुलत चुलत्यांची आली, मामांची आली, ज्यांचं तोंड आम्ही पाच वर्षांतून एकदा बघतो त्यांची आली, आणि तात्यांचं नाव नव्हतं. वडील म्हणाले, छापखान्यानं गाळलं. तात्यांना ते पटलं नाही. मांडवात उभं राहून त्यांनी पत्रिका सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, कागदावर न्हाई तर नातंबी न्हाई. न जेवता निघून गेले. त्या वर्षी माझी दहावी झाली होती. त्यानंतर सहा वर्षं त्या घरातून या घरात ना फोन, ना तिळगूळ.

तेव्हा आत्याचं म्हणणं कायद्यानं बरोबर होतं. अख्ख्या भोर-वेल्ह्यात, माझा नातेवाईक नाही असं उघड सांगणारा एकच माणूस होता, आणि तो माझा सख्खा चुलता होता.

गुरुवारी सकाळी मी वेल्ह्याला गेले. तात्या अंगणात इळ्याला धार लावत होते. मला बघितलं, ओळखलं, आणि तरी विचारलं, कोण पायजे. मलाही राग आला. म्हटलं, कोणी नको, सही पाहिजे. मग सगळं सांगितलं. जसजसं सांगत गेले तसतसा त्यांचा चेहरा उजळत गेला. सहा वर्षं जे ते बोंबलून सांगत होते, त्याची दखल शेवटी पुण्याच्या एका ऑफिसनं घेतली, असा काहीसा आनंद होता तो. त्यांनी तो शब्द माझ्याकडून चारदा म्हणून घेतला. मग खोदून विचारायला लागले. हा जो ॲक्वेंटन्स, तो आजारी पडल्यावर भेटायला येतो का? मी म्हटलं, आला तर येतो. लग्नाला? बोलावलं तर. मेल्यावर? मी म्हटलं, तात्या, येतो, पण त्याला सुतक नसतं.

"हां," तात्या म्हणाले. "सुतक न्हाई. आता कळलं. मग मीच त्यो."

काकीला चष्मा आणायला सांगितला. मांडीवर पाट घेतला आणि सुरेख अक्षरात भरायला लागले. नाव, गाव, धंदा शेती. उमेदवारास कधीपासून ओळखता, तिथं त्यांनी माझी जन्मतारीख न विचारता लिहिली. वर मला सांगितलं की भर दुपारी झालीस, भोरच्या दवाखान्यात, टेम्पो मीच आणलेला. मग त्या आखलेल्या रेघांवर आले. गेल्या पाच वर्षांतलं शिक्षण, सवयी, वागणूक. पेन तिथं टेकवलं आणि थांबले.

मी म्हटलं, लिहा ना, माझी गाडी आहे. ते फॉर्मकडंच बघत होते. मग हळूच म्हणाले, दहावीला किती मार्क पडले ते म्हाईत हाय. म्होरं काय केलंस?

खरं सांगते, मला आधी राग आला. सोमवारी एका कंडक्टरनं हलत्या गाडीत दहा ओळी लिहिल्या होत्या. माझा ताप त्याला माहीत होता. आणि हा सख्खा चुलता, ज्याच्या खांद्यावर बसून मी गाव बघितलं, त्याला मी काय शिकले हे माहीत नव्हतं. मग राग गेला आणि नुसतंच वाईट वाटलं. त्या आठ दिवसांत मी त्या शब्दाचा अर्थ, नात्यातला नसलेला, एवढाच धरून बसले होते. तो शब्द मुळात ओळखण्याचा होता. आमच्याकडं नातं होतं, सहा वर्षं ओळख नव्हती.

मी सांगायला लागले. बीएस्सी. कशात? केमिस्ट्रीत. म्हंजी काय काय असतं त्यात? मी सांगितलं. कुठल्या गाडीनं जायचीस, डबा कोण करायचं, चष्मा कधी लागला, पोहायला येतं का अजून. ते विचारत होते, लिहीत होते. काकी स्वैपाक सोडून शेजारी येऊन बसली. फॉर्मात नसलेलंही विचारायला लागले. मोठी म्हैस हाय का इकली? तुझ्या दादाचा गुडघा कसा हाय? मी म्हटलं, तात्या, गुडघ्याला फॉर्मात जागा नाही. ते म्हणाले, आसावं म्हाईत, साहेबानं इचारलं तर. माझी गाडी गेली. दुसरीही गेली. मी तिथंच जेवले.

मग सहीची वेळ आली. 'मी या उमेदवाराचा नातेवाईक नाही.' मी त्यांना वाक्याचा अर्थ सांगितला. त्यांनी पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं.

"तोंडानं म्हणायला काय जातंय, पोरी," ते म्हणाले. "सही केली की खरं व्हतं."

आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी ते छापलेलं वाक्य आडवी रेघ मारून खोडलं. शेजारी लिहिलं, सख्खा चुलता. खाली सही. फॉर्म एकच, दिवस उरलेला एकच. मी तिथंच रडायला लागले. म्हटलं, तात्या, माझी नोकरी घालवलीत तुम्ही, आधी सांगायचं होतं जमत नाही म्हणून. तात्या गडबडले. मग त्यांनाही राग आला. म्हणाले, भेसळ धरायची नोकरी हाय ना तुझी? मग तिच्या फॉर्मातच भेसळ करतीस व्हय. काकीनं माझ्या पिशवीत तांदूळ भरले आणि तात्यांनी मला मोटारसायकलवर चेलाडी फाट्यापर्यंत सोडलं. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, धाकट्या भावाची लेक, केमिस्ट्री झालीय.

घरी आल्यावर वडिलांनी फॉर्म मागितला. मी दिला. ते सावकाश, बोट फिरवत वाचतात. तात्यांनी शेवटच्या ओळींत काय लिहिलंय ते मी घाईत वाचलंच नव्हतं, ते त्यांच्या खांद्यावरून वाचलं. सहा वर्षे आमचे बोलणे बंद होते. चूक माझी आहे. त्यामुळे वरील माहिती आजच उमेदवारास विचारून लिहिली आहे, साहेबांनी खात्री करून घ्यावी. मुलगी तोंडाने फटकळ, मनाने सरळ. वडिलांनी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, हा कागूद ते लोक ठिवून घेत्यात का? मी म्हटलं, घेतात. म्हणाले, मग सकाळी एक झेरॉक्स काढ.

नोकरी लागली, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. लॅबमधल्या मॅडमनी कंडक्टर काकांचं वाचलं आणि मोठ्यानं हसल्या. तात्यांचं वाचलं आणि हसल्या नाहीत. म्हणाल्या, हे नियमात बसत नाही. मग म्हणाल्या, रुजू व्हा, दुसरा ॲक्वेंटन्स महिनाभरात आणून द्या. त्याला आता तिसरं वर्ष चालू आहे. मी आणला नाही, त्यांनी मागितला नाही. हे वाचून मागितला तर पंचाईत आहे.

पण मला सांगायचंय ते त्या शुक्रवारच्या सकाळचं. वडील माझ्याबरोबर किकवीला आले. इस्त्रीचा सदरा, धुतलेली टोपी. मला वाटलं, पोरीला पुण्यात एकटी कशी सोडायची म्हणून येतायत. झेरॉक्स काढली, त्यांनी ती चार घड्या घालून खिशात ठेवली, आणि आम्ही स्वारगेटच्या गाडीत बसलो. कंडक्टर आला. वडील म्हणाले, एक हाफ स्वारगेट, एक फुल चेलाडी.

मी म्हटलं, दादा, चेलाडी कशाला?

कापूरहोळ गेलं. मग त्यांनी खिशातली झेरॉक्स काढली, मांडीवर पसरली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. चूक माझी आहे.

"ही त्याची न्हाई," ते म्हणाले. "छापखान्यानं गाळलं नव्हतं. म्या कागूद दिला, त्यातच त्याचं नाव ल्हिवलं नव्हतं. घरच्या माणसाचं काय ल्हिवायचं, आसं वाटलं मला. मग सांगायची लाज वाटली."

सहा वर्षं मी त्या छापखान्यावरून जाताना तोंड वाकडं करत होते. मी म्हटलं, मग आता?

"आता काय. फॉर्मात चूक ऱ्हायली तर तुझी नोकरी जाईल," वडील म्हणाले आणि कागदाच्या पुन्हा चार घड्या घातल्या. चेलाडी आलं. गाडी नीट थांबायच्या आधीच ते गुडघा सांभाळत खाली उतरले, आणि टपरीवाल्याला वेल्ह्याची गाडी कधी आहे ते विचारायला लागले.